मार्चअखेर सरली, पण थकवा हटेना

प्रश्न : वय ४४, पतसंस्थेत लेखापाल आहे. ताळेबंद, थकलेली वसुली, त्यात मुलीची बारावी. तीन महिने रात्री बारापर्यंत काम केलं. आता काम ओसरलंय, पण अंगात त्राण नाही. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, एकच बेरीज तीनदा तपासते. आठ दिवस माहेरी पडून राहिले, फरक नाही. बहीण म्हणते, माझी झोपेची गोळी घे. घेऊ का?

उत्तर : गोळी घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांतच सवय लागू शकते आणि एकदम बंद केल्या की झोप आणखी बिघडते.

आठ दिवसांत फरक पडला नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. तीन महिने ताणलेलं शरीर काम थांबलं म्हणून लगेच सैल पडत नाही. काही आठवडे लागतात, कधी महिनेही.

आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), जीवनसत्त्व बी-१२, साखर, रक्तदाब आणि धडधडीसाठी ईसीजी, एवढं बघून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी तक्रारी अशाच असतात. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा. या वयात झोपमोड आणि धडधड त्यामुळेही होते.

रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच ठेवा. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत, कारण त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाच-सहा तास जातात. तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडव्या व्हा. तळमळत पडून राहिलं की अंथरूण आणि काळजी यांची गाठ पक्की होते.

संध्याकाळी १५ मिनिटं वही घेऊन बसा. खतावणीसारखे दोन रकाने पाडा. डावीकडे काळजी : ‘अमक्याचा हप्ता थकला’. उजवीकडे पुढचं पाऊल : ‘सोमवारी ११ वाजता फोन’. ‘मुलीचा निकाल’ या काळजीसमोर करण्यासारखं काही नसेल, तर तिथे आडवी रेघ मारा. ती रेघ मारायचीच, रकाना कोरा सोडायचा नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती चालण्यापाशी, कारण बरं वाटलं की एकदम जास्त चालतात. सपाट रस्त्यावर १० मिनिटं, आठवडाभर तेवढीच. आणखी चालायची ताकद वाटली तरी १० च. पुढच्या आठवड्यात १५. घरकामालाही हेच लागू. एक दिवस बरं वाटलं म्हणून माळा आवरायला काढला की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, आणि ‘आपण बरे होतच नाही’ ही धास्ती बळावते.

मन दोन आठवडे सलग उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर मात्र थेट दवाखाना गाठा.