बंद पडलेल्या सायकलचं नाव आणि लोकांचे अकरा लाख

प्रश्न : नाशिकमध्ये माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात ज्या माउंटन बाइकवर आम्ही त्र्यंबकचे घाट चढलो, ती बनवणारी उत्तरेकडची कंपनी पंधरा वर्षांपूर्वी बंद पडली. तीच बाइक त्याच नावाने पुन्हा आणायची, असं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं. सोशल मीडियावर आवाहन केलं. 137 जणांनी प्रत्येकी 5,000 रुपये बुकिंगचे दिले. नऊ जणांनी 50,000 रुपये दिले. त्यांना 'कंपनीत एक टक्का' देऊ असं आम्ही लिहिलं होतं. कंपनी अजून काढलेली नाही, सगळे पैसे एका मित्राच्या बचत खात्यात आहेत. त्यातले दोन लाख दहा हजार फ्रेमचा जिग (जोडणीचा साचा) आणि क्रोमोलीच्या, म्हणजे मिश्र पोलादाच्या, नळ्यांवर खर्च झाले. अक्षय्य तृतीयेला सायकली देणार होतो, ते जमलं नाही. आता जुन्या मालकाच्या पुतण्याकडून वकिलाची नोटीस आली आहे : नाव आमचं आहे, पंधरा दिवसांत थांबा. बुकिंगवाल्यांपैकी दोघे पैसे परत मागताहेत, एकाने पोलिसांत जाण्याची भाषा केली आहे. अमेरिकेत फॅट चान्स ही माउंटन बाइक अशीच लोकवर्गणीतून परत आली, मग आमचं चुकलं कुठे?

उत्तर : नोटिशीने तुमची झोप उडाली आहे असं पत्रावरून दिसतं. माझी उडाली ती त्या बचत खात्याचं वाचून. त्यामुळे आधी पैशांचं बोलू, नावाचं नंतर.

अकरा लाख पस्तीस हजार रुपये तुम्ही एकाच डब्यात ठेवले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पैसे आहेत. 137 जणांचे 6,85,000 म्हणजे मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम. ती घेणं गुन्हा नाही. फर्निचरवाला घेतो, तशीच. मात्र 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात एक बारीक अट आहे. माल देता आला नाही आणि रक्कम परत देय झाली, की देय तारखेपासून पंधरा दिवसांत ती परत गेली पाहिजे. सोळाव्या दिवशी तीच रक्कम 'ठेव' मानली जाते. अशी ठेव घेणाऱ्याला दोन ते सात वर्षं कैद आणि तीन ते दहा लाख दंड सांगितला आहे. हा कायदा कंपनीपुरता नाही. तीन मित्रांनी मिळून पैसे घेतले, तर तिघेही त्यात येतात. शिवाय आपल्या राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा, 1999 आहेच. पैसे घेऊन त्याबदल्यात वस्तू द्यायची होती, म्हणून ती ठेव नाही, असा बचाव तिथे सहसा टिकत नाही, कारण त्या व्याख्येत परतफेड वस्तूरूपानेही धरली आहे.

अक्षय्य तृतीया उलटून गेली आणि दोघांनी परतावा मागितला. तेव्हा त्या दोघांचे दहा हजार हे पत्र वाचून संपल्यावर लगेच पाठवा. रोख नको, बँकेतूनच, आणि 'बुकिंग रक्कम परत' असा शेरा लिहून. उरलेल्या 135 जणांना लेखी कळवा : सायकलला उशीर होतोय, नावाबद्दल वाद उभा राहिला आहे, पैसे परत हवे असतील तर अमुक तारखेपर्यंत सांगा, थांबायचं असेल तर तसं लिहून द्या. नावाच्या वादाबद्दल गप्प राहण्याचा मोह होईल. तो आवरा. फसवणुकीच्या फिर्यादीत न्यायालय पाहतं ते मुळापासून हेतू खोटा होता का. उशीर होणं आणि फसवणं यांत फरक आहे. पण माहीत असूनही दडवलं, की तो फरक पुसट होत जातो.

आता ते नऊ जण. इथे मी मऊ शब्द वापरणार नाही. जी कंपनी जन्मालाच आलेली नाही तिचा एक टक्का विकणं म्हणजे बाजारात तुरी. खासगी कंपनीला समभागांसाठी जाहीर आवाहन करताच येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार निवडक व्यक्तींना नावानिशी प्रस्ताव द्यावा लागतो, वर्षाला 200 जणांची मर्यादा असते आणि जाहिरातीला साफ मनाई असते. 'सेबी'ने 2014 मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्यावर चर्चापत्र काढलं होतं, पण त्यातून तुमच्यासारख्यांना वापरता येईल अशी परवानगीची वाट तयार झाली नाही. उलट 2016 मध्ये अशा ऑनलाइन मंचांपासून सावध राहा, असं तिनेच गुंतवणूकदारांना सांगितलं. म्हणून नऊ जणांचे साडेचार लाख पूर्ण परत करा, पावती घ्या आणि ती पोस्ट काढा. काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण समोरच्याकडे तो असणारच. खात्यात 9,25,000 उरले आहेत. हे परतावे देऊन 4,65,000 राहतील. बाकीच्या 135 जणांची रक्कम 6,75,000 आहे, म्हणजे सगळ्यांनीच मागणी केली तर दोन लाख दहा हजार कमी पडतील. जिग आणि नळ्यांची ही रक्कम तिघांनी खिशातून भरायची तयारी आजच करा.

तुम्ही फॅट चान्सचा दाखला दिलात. तो मला आवडला, पण तो तुमच्या बाजूने जात नाही. ख्रिस चान्सने 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलमध्ये ती बनवणारी फॅट सिटी सायकल्स ही कंपनी सुरू केली, नव्वदच्या दशकात ती विकली गेली, आणि 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मंचावरून 'यो एडी' हे जुनं मॉडेल घेऊन परत आला तो खुद्द चान्स. त्या फ्रेमला जन्म देणारा माणूसच दारात उभा होता. तुम्ही त्या सायकलचे भक्त आहात, जनक नाही. आणि अमेरिकेतही लोकवर्गणी म्हणजे मोकळं रान नव्हे. त्याच 2015 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एका बोर्ड गेमच्या आवाहनावर कारवाई केली : 1,22,000 डॉलर गोळा झाले होते, खेळ आलाच नाही, पैसा घरभाड्यात वगैरे गेला होता. मित्राचं बचत खातं मला खटकतं ते याचसाठी. त्यातून घरचं वीजबिल जरी भरलं गेलं असेल, तरी आज हिशेब वेगळा काढा.

नोटिशीकडे वळतो. पुतण्या म्हणतो नाव आमचं. 'आमचं' म्हणजे कोणाचं? ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर नोंदलेला असेल, तर तो कंपनीचा. काकांचा नाही, पुतण्याचा तर नाहीच. कंपनीने तो त्याला लेखी हस्तांतरित केला असेल तरच त्याचा. मैसूरच्या आयडियल जावाचं उदाहरण घ्या. कारखाना 1996 मध्ये बंद पडला, 'येझदी' हे नाव पुढे मूळ घराण्यातल्या व्यक्तीने स्वतःकडे नोंदवून घेतलं, त्या नावाने मोटरसायकली बाजारातही आल्या. डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नाव अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेलेल्या कंपनीचंच असल्याचा निर्णय दिला, आणि 2025 मध्ये अपिलात द्विसदस्यीय पीठाने तो फिरवला. घराण्यातल्या माणसालाही नाव आपलं ठरवायला कोर्टात एवढं झगडावं लागलं, मग पुतण्याच्या एका नोटिशीने तुम्ही हादरून जाण्याचं कारण नाही. आणि निश्चिंत होण्याचंही नाही, कारण पुतण्या मालक नसला म्हणून तुम्ही मालक होत नाही.

ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग 12 मध्ये, म्हणजे वाहनांच्या वर्गात, ते नाव शोधा. शोध फुकट आहे. मालक कोण, शेवटचं नूतनीकरण कधी, नोंद जिवंत आहे की काढून टाकलेली, हे दिसेल. नूतनीकरण दर दहा वर्षांनी असतं. नोंद जिवंत असेल आणि पाच वर्षं तीन महिन्यांहून अधिक काळ कोणीच ते नाव वापरलं नसेल, तर कलम 47 खाली ते काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. पण वापर का थांबला, याला व्यापारातली खास परिस्थिती हे उत्तर चालतं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्डी ट्रेडिंगच्या प्रकरणात आयातीवरच्या निर्बंधांमुळे वापर थांबला म्हणून नावं शाबूत ठेवली होती. कंपनीचीही स्थिती पाहा. अवसायनात असेल तर लिक्विडेटरशी बोलणी करा, कारण नाव विकून धनकोंचे पैसे देणं हे त्याचं कामच आहे. कंपनी निबंधकाने नुसती यादीतून काढून टाकली असेल, तर भागधारक किंवा धनको वीस वर्षांपर्यंत ती पुन्हा जिवंत करून घेऊ शकतो. पुतण्या भागधारक असेल, तर ही वाट त्याला खुली आहे.

नोंद संपलेली निघाली, तरी हुरळून जाऊ नका. नावाची पत नोंदणीवर अवलंबून नसते. आणि इथे तुमचं स्वतःचंच आवाहन तुमच्या विरोधात जातं. 'आठवते का ती?' असं तुम्ही विचारलंत आणि 137 जणांनी पैसे काढून दिले. नाव अजून लोकांच्या मनात आहे, याचा याहून चांगला पुरावा समोरच्या वकिलाला कुठे मिळणार?

नोटिशीचं उत्तर तुम्ही व्हॉट्सअॅपवर देऊ नका. वकिलामार्फत मुदतीत एवढंच विचारा : नोंदणी प्रमाणपत्र, हस्तांतराचा दस्त आणि गेल्या पाच वर्षांतल्या विक्रीची बिलं दाखवा. नाव त्याचंच आहे, अशी कबुली त्यात चुकूनही जाऊ देऊ नका, आणि ते बेवारस आहे अशी बढाईही नको. कॅव्हेट, म्हणजे 'आधी आमचं ऐका' असा न्यायालयाकडे अर्ज, दाखल करा, म्हणजे तुमच्या अपरोक्ष मनाईहुकूम निघणार नाही. नोंदणीकृत मालक स्वतःच्या गावीही दावा लावू शकतो, त्यामुळे एक कॅव्हेट नाशिकला आणि एक त्याच्या जिल्ह्यात. मुदत 90 दिवसांची, नंतर पुन्हा.

माझं विचाराल तर, लिक्विडेटर किंवा खऱ्या मालकाकडून नाव रीतसर विकत किंवा परवान्यावर मिळत असेल तर घ्या. नाहीतर नवं नाव ठेवा. जुन्या फ्रेमची भूमिती कोणाची मक्तेदारी नाही. डिझाइन नोंदणी असलीच तरी ती कमाल पंधरा वर्षांची, ती कधीच सरली. स्टिकरवरची चित्राक्षरं मात्र उचलू नका. ती कलाकृती ठरते आणि तिचं स्वामित्व चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतं. नव्या नावाचा अर्ज व्यक्तीसाठी ऑनलाइन साडेचार हजारांत होतो. तुमच्या एका बुकिंगपेक्षा कमी.

एक राहिलंच. पत्रासोबत जोडलेल्या पोस्टरवर जुन्या नावापुढे गोलातला 'आर' दिसतो आहे. नोंदणी तुमची नसताना ते चिन्ह लावणं कलम 107 खाली चालत नाही. 2024 पर्यंत त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता कैदेऐवजी आर्थिक दंड आहे. ते पोस्टर आज रात्रीच उतरवा.