दोन दिवसांत उतरलेले वजन दोन जेवणांत परत का येते?

चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या त्या वजनाच्या नोंदींची वही घेऊनच. काही आकड्यांखाली लाल पेनाने दोन-दोन रेघा ओढलेल्या होत्या. दर आठवड्याला सलग दोन दिवस पाण्याखेरीज काही न घेता, शिवाय त्या दोन्ही दिवशी पहाटे तासभर धावून, त्या सुमारे दोन किलो वजन उतरवत; जेवण सुरू झाले की त्यातले दीड किलो एका-दोन दिवसांत परत येई. “माझ्या शरीरात खाल्लेले सगळे चरबीच होऊन बसते का? मग मी कायम उपाशीच राहायचे का?” असा त्यांचा प्रश्न होता.

त्या इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत नाहीत ना, हे मी सर्वांत आधी विचारले. अशा औषधांवर असताना उपाशीपोटी धावले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि मग वजनाची चर्चा बाजूलाच राहते. त्या कोणतेही औषध घेत नव्हत्या.

त्यानंतर वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर आम्ही हिशेब मांडला. रक्तात एका वेळी फिरणारी साखर जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर असते. तिची भरपाई यकृतातल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे ग्लुकोज साठवून ठेवलेल्या रूपातून, होते. पण तो साठा सुमारे 100 ग्रॅमचा असतो आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागत असल्यामुळे एका दिवसाच्या उपवासात तो जवळजवळ संपतो. स्नायूंत आणखी 300 ते 400 ग्रॅम ग्लायकोजेन असते, मात्र ते रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंजवळ नसल्याने ते ज्या त्या स्नायूच्याच कामी येते. नुसत्या उपवासाने हा साठा फारसा रिता होत नाही. धावण्याने होतो, आणि बाई तर दोन्ही करत होत्या. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. म्हणजे 350 ग्रॅम ग्लायकोजेन खर्ची पडले की त्याच्यासोबत किलोभर पाणीही जाते, आणि पोटात अन्न गेले की दोन्ही परत येतात. याउलट दीड किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजारांच्या आसपास कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतील. “एवढे तर माझे आठवड्याचे जेवण असेल,” असे म्हणून त्या पहिल्यांदाच हसल्या.

उपाशीपोटी धावल्याने चरबी जास्त जळते, हा त्यांचा दुसरा मुद्दा अर्धा खरा होता. संथ व्यायामात आणि रिकाम्या पोटी इंधनातला चरबीचा वाटा वाढतो खरा, पण सकाळी चरबी अधिक वापरली की शरीर दिवसाच्या उरलेल्या वेळात ती कमी वापरू शकते. म्हणून हिशेब तासाचा नव्हे, दिवसांचा आणि आठवड्यांचा धरावा लागतो. व्यायामाच्या यंत्रांवर ‘चरबी जाळण्याचा टप्पा’ म्हणून रंगवलेला पट्टा मला दिशाभूल करणाराच वाटतो.

स्नायूंविषयी मात्र मी त्यांना धीर दिला नाही. यकृतातला साठा संपला की शरीर लॅक्टेट (ग्लुकोज वापरताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ), चरबीतले ग्लिसरॉल आणि स्नायूंच्या प्रथिनांतली अमिनो आम्ले यांपासून ग्लुकोज तयार करते. उपवास बराच लांबला तर मेंदू कीटोनवर, म्हणजे चरबीपासून यकृतात तयार होणाऱ्या इंधनावर, भागवू लागतो आणि प्रथिनांची ही मोडतोड कमी होत जाते. परंतु सुरुवातीचे काही दिवस ती जास्तच असते, आणि बाई दर आठवड्याला नेमक्या याच महागड्या दिवसांतून जात होत्या.

लाल रेघांचा अर्थ मी शेवटी विचारला. ज्या आठवड्यांत वजन परत आले, त्यांच्या पुढच्या आठवड्यात उपवास तीन दिवसांचा झाला होता, आणि एकदा जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या पायरीवरच बसल्या होत्या. हे ऐकून मी उपवास थांबवायला, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला आणि वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी करायला सांगितले.

महिन्याने त्यांनी वही पुन्हा दाखवली. पाच आकडे होते. एका वाढलेल्या आकड्याशेजारी पेन्सिलीने ‘पाणी?’ असे लिहिले होते, तरी त्याखाली लाल रेघ होतीच, फक्त एकच.