‘संमिश्र’ की ‘संकुल’? आणि मासे की माश्या?

प्रश्न असा आहे: “मुलीच्या संशोधनाची ओळख मराठीत लिहायची होती. ती मेटल कॉम्प्लेक्सच्या क्रिस्टल स्ट्रक्चरवर आणि माशांमधल्या अँटिमायक्रोबियल पेप्टाइडवर काम करते. मी लिहिले: ‘धातू संमिश्र स्फटिक रचना आणि माश्यांचे प्रतिजैविक पेप्टाइड’. मुलगी म्हणते, यात विषयच बदलला. कुठे बदलला?”

मुलीचे म्हणणे खरे आहे. एकेक शब्द घेऊ.

सगळ्यात मोठी अडचण ‘संमिश्र’ची. मराठीत धातूच्या शेजारी हा शब्द आला की त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे. दोन धातू वितळवून एकजीव केले की जे होते ते संमिश्र. तांबे आणि जस्ताचे पितळ, तांबे आणि कथलाचे कांसे. शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी हेच वाचलेले असते. त्यामुळे ‘धातू संमिश्र’ वाचणाऱ्याला तुमची मुलगी पितळेवर संशोधन करते असेच वाटणार.

मेटल कॉम्प्लेक्स म्हणजे काय ते मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, एका खड्यात दिसते. (मोरचूद हा किती देखणा शब्द! संस्कृतात त्यालाच शिखिग्रीव म्हणजे मोराची मान असेही म्हणत.) मोरचूद पाण्यात विरघळवा, पाणी फिकट निळे होते. त्यात अमोनियाचे द्रावण थेंब थेंब सोडा. आधी फिकट निळसर साका धरतो. आणखी थेंब सोडत राहिलात की साका विरघळतो आणि सगळे द्रावण दौतीतल्या शाईसारखे गडद, नितळ निळे होते. अमोनियाचे चार रेणू तांब्याच्या एकेका आयनाला (विद्युतभार असलेल्या अणूला) चहूबाजूंनी बिलगले, हा त्या रंगाचा अर्थ. प्रत्येक रेणूतला नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी तांब्यापुढे करतो आणि त्या जोडीने बांधला जातो. मधोमध धातू, भोवती ठरावीक संख्येने, ठरावीक दिशांना त्याला धरून असलेले रेणू: हे झाले कॉम्प्लेक्स. यात मिसळण्याचा काही संबंध नाही, धरण्याचा आहे. खड्याचा मूळचा निळाही असाच आलेला असतो. मोरचुदात तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू असतात, पण तांब्याला चारच चिकटलेले असतात. पाचवा त्याला स्पर्शही करत नाही. खडा तापवून पाणी उडवून लावले की निळा रंग जातो आणि पांढरी भुकटी उरते.

ही ‘मध्ये धातू, भोवती मंडळी’ कल्पना रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडली, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. कोबाल्टभोवती सहा जागा आहेत आणि त्या अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर आहेत, असे त्यांनी रंग, विद्युतवहन आणि समघटकांची (तेच अणू, पण वेगळी मांडणी अशा रूपांची) संख्या एवढ्यावरून सांगितले. स्फटिकात क्ष-किरण सोडून अणूंच्या जागा शोधायची वाट तर १९१२ नंतर उघडली. वेर्नर यांना १९१३ साली नोबेल मिळाले.

आता शब्दाचे काय करायचे? इंग्रजीतल्या ‘कॉम्प्लेक्स’ या एका शब्दाला मराठीने जागोजागी वेगळा शब्द दिलेला आहे, आणि मला ही मराठीची श्रीमंती वाटते. मनातला तो गंड, म्हणून न्यूनगंड. इमारतींचे ते संकुल, म्हणून क्रीडासंकुल. गणितात संमिश्र संख्या. म्हणजे ‘संमिश्र’ हा प्रतिशब्द शब्दकोशात तुम्हाला मिळाला असेल तर तो चुकीचा नव्हता, फक्त तो गणिताच्या घरचा होता. रसायनशास्त्रात ‘जटिल संयुग’ हा शब्दही आढळतो. व्युत्पत्तीच्या अंगाने तो फार जवळचा आहे: मूळ लॅटिन शब्दात वेणीसारखे गुंफण्याचा भाव आहे आणि जटिल तर जटेवरूनच आला. पण आज आपण जटिल म्हणतो ते अवघड या अर्थाने, जटिल प्रश्न, जटिल खटला. वाचक विचारणार, या संयुगात अवघड काय आहे?

माझी पसंती ‘संकुल’ला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दाटीचा, गजबजलेला, आणि मराठीत आज त्यातून एका आवारात एकमेकांशी बांधलेल्या वास्तू डोळ्यांपुढे येतात. धातूभोवतीच्या मंडळींना तो चपखल बसतो. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतही ‘संकुल’च आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्हीकडे एकच शब्द भेटतो. लेखात पहिल्यांदा ‘धातूचे संकुल संयुग’ असे पुरते लिहावे, पुढे ‘धातुसंकुल’. समासात ‘धातु’ ऱ्हस्व, एकटा असताना ‘धातू’ दीर्घ. ‘कवी’ आणि ‘कविराज’ यांच्यासारखेच.

स्फटिकाबद्दल थोडक्यात. शब्द बरोबर आहे, तोडून लिहिणे चूक. ‘धातू संमिश्र स्फटिक रचना’ अशी चार नामे सुटी मांडली की कोण कोणाचे ते कळत नाही. मराठी विभक्तीवर चालते, तिला तिचे प्रत्यय द्या: ‘धातुसंकुलांच्या स्फटिकरचना’. आणि रचना म्हणजे खड्याचा बाहेरून दिसणारा आकार नव्हे. खड्याच्या आत अणू कुठे, किती अंतरावर, कोणत्या कोनात बसले आहेत, ती मांडणी.

आता मासे. तुम्ही ‘माश्यांचे’ लिहिलेत. एका जोडाक्षराने प्राणीच बदलला. मासा, माशाला, माशांचे. जसे ससा, सशाला, सशांचे. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप ‘शा’ होते, ‘श्या’ नाही, असा लेखनाचा नियमच आहे. माशीचे अनेकवचन मात्र माश्या, म्हणून माश्यांचे. बोलताना फरक कानाला फारसा जाणवत नाही आणि एरवी संदर्भ निभावून नेतो. बाजारातले मासे आणि गुळावरच्या माश्या यांत कोणी गोंधळत नाही. इथे मात्र संदर्भ मदतीला येत नाही, कारण माश्यांमध्येही अशी पेप्टाइडे (जंतूंशी लढणारे, प्रथिनांसारखे पण छोटे रेणू) असतात आणि त्यांच्यावरचे संशोधन तर फार गाजलेले आहे. फळमाशी बुरशीशी कशी लढते, तिच्यात अशी पेप्टाइडे तयार करण्याचा हुकूम कोणत्या जनुकाच्या हाती असतो, हे १९९६ साली झूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले आणि २०११ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे ‘माश्यांचे पेप्टाइड’ हा पूर्णपणे खरा, पण दुसऱ्याच कोणाचा विषय आहे. शंका नको असेल तर ‘माशांमधील’ किंवा ‘माशांच्या शरीरात तयार होणारी’ असे लिहा. नुसत्या षष्ठीत आणखी एक धोका आहे. ‘माशांचे प्रतिजैविक’ म्हणजे माशांना द्यायचे औषध, असाही अर्थ निघतो. मत्स्यपालनात ते खरोखरच देतात.

‘प्रतिजैविक’ मी इथे वापरणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांनी १९४०च्या दशकात अँटिबायोटिक हा शब्द रूढ केला तो एका सूक्ष्मजीवाने दुसऱ्या सूक्ष्मजीवाविरुद्ध तयार केलेल्या रसायनासाठी. पुढे अर्थ सैलावला, पण मराठीत प्रतिजैविक म्हटले की अजूनही डॉक्टरांनी पाच दिवस घ्यायला सांगितलेली गोळीच आठवते. काही जण ‘प्रतिसूक्ष्मजीव’ लिहितात. ते कानाला खटकते, आणि त्याला कारण आहे. नामाआधीचा ‘प्रति’ मराठीत पुष्कळदा तसाच दुसरा प्रतिस्पर्धी उभा करतो: प्रतिसृष्टी, प्रतिसरकार. प्रतिसूक्ष्मजीव म्हणजे दुसरा सूक्ष्मजीवच वाटतो. ‘सूक्ष्मजीवनाशक’ सरळ आहे. नुसती वाढ थांबत असेल आणि जीव मरत नसेल, तर ‘सूक्ष्मजीवरोधी’. या दोन्हींतला भेद मुलीला विचारून मगच शब्द निवडा. तिच्या शास्त्रात तो भेद मोजून ठरवतात.

पेप्टाइड तसेच राहू द्या, नपुंसकलिंगी: ते पेप्टाइड, ती पेप्टाइडे. प्रथिनासारखीच अमिनो आम्लांची साखळी, पण आखूड. मासा हातातून निसटतो तो अंगावरच्या ज्या बुळबुळीत थरामुळे, त्या थरात अशी पेप्टाइडे असतात. फ्लाउंडर या चपट्या माशाच्या त्याच थरातून प्लुरोसिडिन वेगळे काढले गेले, १९९७ साली. २००१ साली संकरित पट्टेरी बास माशाच्या पेशींत पिसिडिन सापडले. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार असतो आणि पेप्टाइडावर धन भार, म्हणून ते त्याला जाऊन चिकटते. पाण्यात सैल लोंबणारी साखळी पडद्याला टेकताच मळसूत्रासारखा पीळ घेते आणि पडदा फाटू लागतो. ‘हेलिक्स’ला ‘मळसूत्र’ हा शब्द हाताशी असताना ‘सर्पिल’कडे जायची गरज नाही. सर्पिल म्हटले की सपाट वेटोळेही डोळ्यांपुढे येते.

आता तुमच्या ओळीतला ‘आणि’. वाचकाला वाटेल, धातुसंकुले आणि मासे हे दोन विषय एकत्र कसे आले? त्याचे उत्तर पिसिडिनमध्येच आहे. त्याच्या साखळीत २२ अमिनो आम्ले असतात आणि सुरुवातीपासून तिसऱ्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल येते. तिसऱ्या जागी हिस्टिडिन असले की साखळीचे टोक तांब्याला किंवा निकेलला चार नायट्रोजनांनी एका पातळीत पकडते. अशा पकडीला रसायनशास्त्रात कीलेट म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. मला ‘नांगीबंध’ म्हणायला आवडेल. म्हणजे माशाचे पेप्टाइड स्वतःच एक धातुसंकुल तयार करते.

ओळ अशी लिहा: ‘धातुसंकुलांच्या स्फटिकरचना आणि माशांमधील सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइडे’. आणि मुलीला एक विचारा: तिच्या पेप्टाइडात तिसऱ्या जागी कोण आहे? हिस्टिडिन असेल तर ‘आणि’नंतर एक वाक्य वाढवून हा नांगीबंध जरूर सांगा.