कादंबरीसाठी वर्षभर नोकरी सोडू का?

वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३९, घर मुलुंडला, नोकरी अंधेरीला. अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायला नोकरी सोडून वर्षभर घरी बसायचं, खर्चाला पीएफचे ७ लाख काढायचे आणि शेवटी ८५ हजार भरून ५०० प्रती स्वतः छापून घ्यायच्या. मुलगी सातवीत आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, मधुमेही. यजमान म्हणतात, "घे वर्षभर, बघू."

ताई, हे "बघू" आधी कागदावर मांडू या. तुमच्या हाती महिना ५६ हजार येतात, यजमानांच्या ७८ हजार. तुम्ही पाठवलेल्या यादीप्रमाणे गृहकर्जाचा ३४,७०० चा हप्ता, सोसायटी, किराणा, शाळा-क्लास, औषधं, सणवार असं सगळं धरून खर्च १,११,००० होतो. त्यावर १५ हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक. म्हणजे आज महिन्याला जेमतेम ८ हजार उरतात.

तुमचा पगार थांबला की प्रवास आणि बाहेरचं खाणं यांचे ५ हजार वाचतील आणि एसआयपी बंद ठेवावी लागेल. तरीही महिन्याला २८ हजार कमी पडतील, वर्षाला ३,३६,०००. तुमच्या यादीत नसलेला खर्च आरोग्य विम्याचा. आज चौघांनाही तुमच्या ऑफिसचं संरक्षण आहे आणि ते नोकरीबरोबर जाईल. तिघांची एक पॉलिसी आणि सासूबाईंची वेगळी मिळून ७० हजार धरा. शिवाय एसआयपीचे १,८०,००० आणि पीएफमध्ये दोन्ही बाजूंनी जाणारे ७२ हजार साठायचे थांबतील. बेरीज साडेसहा लाखांच्या पुढे जाते. वर्षानंतर लगेच नोकरी मिळेल असंही धरू नका, चार-सहा महिने सहज जातात.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम! या कंपनीत तुम्हाला सव्वाचार वर्षं झाली आहेत. पाच पूर्ण झाली की २५ हजारांच्या मूळ पगारावर २५,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ७२ हजार मिळतात. नऊ महिने आधी राजीनामा दिलात तर त्यातला एक पैसाही नाही. पीएफचंही पाहा: सलग पाच वर्षांची सेवा भरण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते. मागच्या कंपनीचा पीएफ इकडे वर्ग झाला असेल तर ती वर्षंही मोजली जातात. यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, तपासून घ्या, पण पैशाला हात लावू नका.

आता पुस्तकातून काय येईल ते. ३०० रुपये किमतीवर १० टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती संपली तर ३० हजार, तेही एका वर्षात संपेल असं नाही. हा आकडा लिहिण्याच्या विरोधात नाही. घराचा ताळेबंद कादंबरीवर टाकू नये, एवढंच त्यातून निघतं.

मला तुमच्या पत्रातली एकच ओळ महत्त्वाची वाटली: "बसले की कुकर, नाहीतर शाळेचा मेसेज." तुमची अडचण सलग तासांची आहे, आणि तास वर्षापेक्षा फार स्वस्तात मिळतात. संध्याकाळच्या पोळी-भाजीला बाई लावा, ४ हजारांच्या आसपास. जवळच्या अभ्यासिकेची फी हजारभर. उरणाऱ्या ८ हजारांत हे बसतं. दोन संध्याकाळी दीड-दीड तास आणि शनिवारी सकाळी पाच, असे आठवड्याला आठ तास ठरवा. तासाला ३०० शब्द धरले तर आठवड्याला २,४०० होतात आणि ६० हजार शब्दांचा खर्डा २५ आठवड्यांत. गणपती, दिवाळीची साफसफाई, सहामाही-वार्षिक परीक्षा धरून नऊ महिने म्हणा. तुमचं अर्धं लिखाण झालेलंच आहे, तेव्हा हा हिशोब सैलच आहे. लोकलमधला वेळ यात मोजू नका. घाटकोपरला मेट्रोसाठी जिना चढताना सुचतं पुष्कळ, लिहून होत नाही.

हे मोडतं ते पैशामुळे नाही, शनिवारमुळे. मुलीचा क्लास, सिलिंडर, सासूबाईंची शुगर तपासणी त्या पाच तासांत यजमानांकडे, आणि शाळेच्या ग्रुपवर त्यांचाही नंबर. हे आधी बोलून ठरलं नाही तर पोळ्यांची बाई लावूनही तुमचा शनिवार पोळ्यांच्या भोवतीच जाईल.

ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरली की खर्डा हाती असेल. तेव्हा पुनर्लेखनासाठी तीन महिने बिनपगारी रजा मागा. त्या काळात विमा चालू राहील का, हे एचआरकडून लेखी घ्या, आणि पुस्तकाच्या उत्पन्नाला कंपनीची हरकत नाही ना तेही. एसआयपी तेवढे महिने थांबवता येते. खर्च: २८ हजारांची तूट आणि ५ हजार मदतीचे, तीन महिन्यांचे साधारण एक लाख. तुमच्या ६ लाखांच्या एफडीतून एवढे काढले तरी साडेचार महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहतो. साडेसहा लाखांच्या जागी एक लाख, हा सौदा मला पटतो.

विम्याचं काम मात्र आत्ताच करा. तिघांसाठी १० लाखांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, वर्षाला २५ हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्याला दोन हजार, तुमच्या शिलकीत बसणारे. आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होण्याची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते आणि पॉलिसी घेतल्या दिवसापासून ती मोजली जाते. सासूबाईंचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० वर्षांपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. जवळची कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते आजच पाहून ठेवा, धावपळीच्या दिवशी नको.

राहिले ते ८५ हजार. ५०० प्रती म्हणजे प्रत १७० रुपयांना पडली. विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली तर ३०० मधले १८० हाती, नफा प्रतीमागे १० रुपये, तोही शेवटची प्रत विकली गेली तर. तोवर दीडशे किलोचे खोके दिवाणाखाली. कोटेशन फोडून मागा: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, बांधणी. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, पैसे लावले असतील तर सरळ काढायला सांगा, तो भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. मुद्रितशोधनाचे पैसे मात्र वाचवू नका.

त्याआधी दोन-तीन प्रकाशकांना हस्तलिखित दाखवा. हे पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात आणि अटी पाहा. करारात मुदत, रॉयल्टीचा टक्का आणि हिशोबाची तारीख लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. "सर्व हक्क" असे शब्द दिसले तर थांबा. ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि पटकथेचे हक्क वेगळे ठेवून मगच सही करा.