'असतं तर' स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

प्रश्न: स्पॅनिशच्या बी-वन (मध्यम पातळीच्या) परीक्षेची तयारी करते आहे. कंडिशनलचे ('केलं असतं' अशा अर्थाच्या क्रियापदरूपाचे) प्रत्यय पाठ आहेत, तरी 'कोमेरीआ'च्या ('खाल्लं असतं') जागी 'कोमीआ' लिहिलं जातं. 'पैसे असते तर प्रवास केला असता' हे वाक्य तर दरवेळी चुकतं. कुठे गडबड होते?

उत्तर: दोन्ही चुकांची कारणं वेगळी आहेत. पहिली येते वर्तमानकाळाच्या सवयीतून. तिथे आर, एर, ईर हा शेवट कापावा लागतो. इथे काहीच कापायचं नाही. अख्ख्या मूळ क्रियापदाला ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन लावायचं. तिन्ही गटांना प्रत्यय तेच. आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. शेवट कापून 'आब्लीआ' लिहिलंत तर असं रूपच नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते. 'कोमीआ' मात्र अस्सल रूप आहे, 'खात होते, खायचे' या अर्थाचं, म्हणून ते नजरेतून सुटतं. सहाही रूपांत 'ई'वर आघातचिन्ह हवंच. 'ओईर'च्या मूळ रूपातलं चिन्ह मात्र गळतं आणि पुढच्या प्रत्ययावर येतं: ओइरीआ.

एरवी छळणारी सेर, एस्तार (दोन्ही 'असणे'), ईर (जाणे) इथे अगदी सरळ चालतात: सेरीआ, एस्तारीआ, इरीआ. तेनेर (जवळ असणे), पोदेर (शकणे), आसेर (करणे) यांसारखी डझनभर वाकडी आहेत, पण भविष्यकाळात वाकतात तशीच.

दुसरी चूक मराठीतून येते. आपण वाक्याच्या दोन्ही भागांत 'असते, असता' वापरतो, म्हणून 'सी तेन्द्रीआ' ('सी' म्हणजे 'जर', 'तेन्द्रीआ' हे तेनेरचं कंडिशनल) लिहावंसं वाटतं. कंडिशनल फक्त 'तर'नंतरच्या भागात. 'सी'नंतर सब्जंक्टिव्हचा (इच्छा, शंका, कल्पना दाखवणाऱ्या रूपाचा) भूतकाळ: सी तुब्येरा दिनेरो, ब्याखारीआ. (उत्तर स्पेनमध्ये 'सी तेन्द्रीआ' बोलताना सर्रास ऐकू येतं. परीक्षेत मात्र गुण जातात.) शिवाय तुमचं मराठी वाक्य आजच्या इच्छेबद्दलही असू शकतं आणि हुकलेल्या गेल्या सुट्टीबद्दलही. स्पॅनिशला ते आधी ठरवून हवं. सुट्टी हुकलेली असेल तर: सी उब्येरा तेनिदो दिनेरो, आब्रीआ ब्याखादो.

'नऊला पोचेन म्हणाला, आणि आलाच नाही' यात आपण भविष्यकाळ ठेवतो, तिथेही कंडिशनल लागतो: दिखो के येगारीआ आ लास नुएबे. उलट 'लहानपणी अंगणात खेळायचो'ला तो चालत नाही. तिथे 'खुगाबा', म्हणजे 'कोमीआ'च्याच काळातलं रूप.