स्लर्मवर पहिला जॉब टाकताना

पहिला जॉब चालला नाही म्हणून घाबरू नकोस, सुरुवातीला सगळ्यांचेच पडतात. स्लर्म म्हणजे अनेकांच्या सामायिक संगणक-क्लस्टरवर कामं रांगेत लावून चालवणारी प्रणाली, आणि जॉब म्हणजे तिला दिलेलं एक काम. आधी एवढं बघ: एसबॅचने (स्क्रिप्ट रांगेत टाकणारी कमांड) जॉब क्रमांक दिला का? दिलाच नसेल तर घोळ बहुधा स्क्रिप्टच्या वरच्या ओळींत असतो. क्रमांक मिळूनही जॉब लगेच संपला, तर आउटपुट फाइल उघड आणि सगळ्यात वरची एरर वाच. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात.

नवख्यांना हमखास नडणारं:

- विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट. ओळींच्या शेवटी न दिसणारं जादा चिन्ह येतं आणि एसबॅच 'डॉस लाइन ब्रेक्स' म्हणत ती नाकारतं. डॉसटूयुनिक्स (ती चिन्हं काढणारी कमांड) चालव, झालं.
- पहिली ओळ #! नेच सुरू हवी. वर रिकामी ओळही नको.
- एसबॅचच्या सगळ्या सूचना, म्हणजे किती वेळ, किती मेमरी हवी ते सांगणाऱ्या #SBATCH ओळी, पहिल्या कमांडच्या आधी. मध्येच 'मॉड्यूल लोड' (लागणारं सॉफ्टवेअर वापरायला घेणारी कमांड) लिहिलंस, तर त्याखालच्या सूचना स्लर्म वाचतच नाही. मागितलेले 4 तास, 16 जीबी मेमरी सगळं वाया, आणि एररही येत नाही. म्हणून ही चूक मला सर्वांत घातक वाटते.
- लॉगचा, म्हणजे आउटपुट फाइल जिथे जाणार तो, फोल्डर आधीच बनवून ठेव.

ॲरे जॉब (एकाच स्क्रिप्टचे अनेक जॉब), डिपेंडन्सी (एक जॉब दुसऱ्यावर अवलंबून ठेवणं) वगैरे सध्या राहू दे. आधी फक्त 'होस्टनेम' (ज्या यंत्रावर जॉब चालला त्याचं नाव) छापणारा 5 मिनिटांचा जॉब टाक. तो चालला की त्यात तुझी एकेक ओळ वाढवत जा. अडलास तर स्क्रिप्ट आणि पूर्ण एरर इथे टाक, बघू.