आत्याची सही आता जुळत नाही, तिच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाडा रोडला राहते. माझी आत्या ७८ वर्षांची आहे, झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती, काका वारले, मूलबाळ नाही. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचा स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आहे, तिथेच राहते. दोनेक वर्षं झाली, सगळं विसरून राहिली. आधी आम्हाला वाटलं वयामुळे होतं असं, मग मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) दाखवलं तर डॉक्टर म्हणाले अल्झायमर. रात्री दोनला उठून साडी नेसून तयार होते, म्हणते शाळेला उशीर होऊन राहिला. दिवसाला बाई लावली आहे, आता रात्रीलाही लावावी लागेल, पण खर्च कुठून करायचा? पैसे तिचेच आहेत, एफडीत आहेत. बँकेत घेऊन गेले तर तिनं स्लिपवर माहेरच्या आडनावाने सही केली, लग्नाआधीची सही, अक्षर मात्र एकदम मोत्यासारखं. साहेब म्हणाले सही जुळत नाही आणि बाईंना समजत नाही हे मला दिसून राहिलं, मी एफडी मोडू शकत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा. माझा भाऊ म्हणतो पॉवर ऑफ अॅटर्नी करून घे, अंगठा घेऊन टाकू, ओळखीचा अर्जनवीस आहे. काकांचे पुतणे इतकी वर्षं फिरकले नाहीत, आता फोन करून म्हणतात फ्लॅटला हात लावू नका. मला तिचा फ्लॅट नको आहे हो ताई, मला फक्त तिचं नीट करायचं आहे. कायदेशीर गार्डियन कसं व्हायचं, अर्ज कुठे करायचा?
— एक भाची, नागपूर (नाव छापू नये)

उत्तर : सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. अंगठा घेऊ नका. भावाचा हेतू चांगलाच असेल, पण मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळलं पाहिजे, तरच ते मुखत्यारपत्र. आत्याला आज ते कळत नसेल तर तो कागद पहिल्या दिवसापासूनच कुचकामी. इतकंच नाही, चांगली असताना तिने तुमच्या नावाने मुखत्यारपत्र केलेलं असतं तरी ते आता चाललं नसतं, कारण करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत असा कागद आजारपणातही चालू राहतो, आपल्याकडे नाही, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं, लोक वर्षानुवर्षं तसेच व्यवहार करत राहतात. उद्या पुतण्यांच्या वकिलाने मेडिकलचे पेपर आणि अंगठ्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली तर इतकी वर्षं सेवा करणारी तुम्हीच आरोपी ठराल. बँकेच्या साहेबांचा राग आला असेल तुम्हाला, पण त्यांनी तुमच्या आत्याचे पैसे सांभाळले असंच मी म्हणेन.

आता गार्डियनचं. अडचण अशी आहे की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) झालेल्या मोठ्या माणसासाठी सरळ फॉर्म भरा, ऑर्डर घ्या असा कायदाच आपल्याकडे आज नाही. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट लहान मुलांसाठी आहे. १९८७ च्या मेंटल हेल्थ अॅक्टमध्ये जिल्हा कोर्टाने मालमत्तेसाठी पालक, मॅनेजर नेमायची सोय होती, पण तो कायदा गेला आणि २०१७ चा नवा आला, २०१८ पासून लागू झाला. नवा कायदा उपचारांच्या बाबतीत खूप चांगला आहे, पेशंटच्या हक्कांचा विचार करणारा आहे, पण मालमत्तेचा तो भागच त्यात राहिला नाही. कोणी तुम्हाला सांगेल कलेक्टर ऑफिसला जा, तिथे समिती आहे. समिती आहे हे खरं, पण ती १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याची, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच, आत्या त्यात बसत नाही, उगाच चपला झिजवू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम १४ आहे, त्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या सोबतीने एखाद्या ठरावीक निर्णयापुरता पालक. आत्याच्या केसमध्ये ते लावता येईल का हे वकिलाला जरूर विचारा.

पण एफडी, पेन्शन, घर असं सगळं असेल तर आज ज्या रस्त्याने लोकांना ऑर्डर मिळतात तो हायकोर्टाचा, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका. ज्याची काळजी घ्यायला कायदा अपुरा पडतो त्याचं पालक कोर्ट स्वतः, असं तत्त्व आहे त्यामागे. केरळ हायकोर्टाने २०१९ ला कोमातल्या पेशंटांसाठी सविस्तर नियम घालून दिले, मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये कोमातल्या नवऱ्यासाठी बायकोला पालक नेमलं, आणि त्याच धर्तीवर डिमेन्शियाच्या पेशंटांसाठीही ऑर्डर होतात. आपल्याला मुंबईला जावं लागत नाही, खंडपीठ इथे सिव्हिल लाइन्सलाच आहे. वकील बघताना हायकोर्टात रिट चालवणारा बघा, ओळखीचा आहे म्हणून फक्त रजिस्ट्रीची कामं करणाऱ्याला धरू नका.

कोर्ट काय बघतं? आधी आजार. मेडिकलचा जुना केसपेपर पुरत नाही, न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं अलीकडचं सर्टिफिकेट लागेल, त्यात निदान, स्मृतीच्या चाचणीचा स्कोअर, आणि पैशाचे व्यवहार तिला समजतात की नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं. त्यावर कोर्ट आपल्या बाजूने मेडिकल बोर्ड नेमून तपासायला लावू शकतं. दुसरं म्हणजे तिची सगळी मालमत्ता, अगदी पोस्टातली रिकरिंग आणि लॉकरसुद्धा. तहसीलदारामार्फत घरी येऊन चौकशी होऊ शकते, तेव्हा बाई कोण, औषधं कोण देतं, आत्या कशी राहते ते बघतील. घाबरू नका त्याला, तुमचं काम तर खरंच आहे, ते दिसू द्या.

आणि तिसरं पुतणे. इथे तुम्हाला जरा मन मोठं करावं लागेल. आत्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकष्टाची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरकडे नाही. आईवडिलांकडून आलेली असेल तर माहेरी परत जाते, पण फ्लॅट तर तिच्या पगारातला आहे. म्हणजे तो उद्या पुतण्यांच्या हक्काचा होऊ शकतो, मग ते आज कितीही न फिरकू देत. मला विचाराल तर हा कायदा बायकांच्या कष्टावर अन्याय करणारा आहे, आयुष्यभर शाळेत शिकवून घेतलेल्या घराबद्दल तरी तो बदलायला हवा, पण आज तो असा आहे. म्हणून याचिकेत पुतण्यांना लपवू नका, त्यांना पक्षकार करा, जमलं तर आधीच घरी बोलावून आत्याची अवस्था दाखवा आणि लेखी ना-हरकत घ्या. एक रात्र तिच्याजवळ झोपले तर बरंच काही समजेल त्यांना. तुम्हाला फ्लॅट नको हे तुम्ही मला सांगितलंत तसंच प्रतिज्ञापत्रात लिहून द्या, फ्लॅट विकणार नाही, भाड्याने द्यायचा झाला तर कोर्टाला विचारीन, हे लिहिलं की निम्मं भांडण तिथेच निवतं. पालक झालात म्हणून वारस होत नाही, आणि वारस नाही म्हणून पालक होता येत नाही असंही नाही, हे दोन्ही बाजूंनी समजून घ्या.

मागणी छोटी करा. सगळीच्या सगळी मालमत्ता माझ्या ताब्यात द्या असं मागू नका. तिची पेन्शन काढणं, अमुक बँकेतल्या अमुक एफडी मोडून त्या पैशातून औषधं, बाया, डायपर, सोसायटीचा मेंटेनन्स भागवणं, इतकं नावानिशी मागा. बँकेलाही अशीच ऑर्डर कामाची, मोघम ऑर्डर घेऊन गेलात तर लीगल डिपार्टमेंटला पाठवतील आणि महिनोन्महिने बसावं लागेल. ऑर्डर झाली की हिशोब द्यावा लागतो, ठरावीक मुदतीने कोर्टाच्या रजिस्ट्रीत, आणि कोर्ट विधी सेवा प्राधिकरणालाही लक्ष ठेवायला सांगू शकतं. आजच एक वही घाला, बाईचा पगार सहीनिशी, मेडिकल स्टोअरची बिलं चिकटवून. ही वही आधीपासूनच उपयोगी आहे, कारण करार कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे ज्याला समजत नाही अशा माणसाच्या गरजेवर तुम्ही केलेला खर्च त्याच्या मालमत्तेतून परत मागता येतो.

ऑर्डर येईपर्यंत पेन्शन थांबू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे सत्तरीच्या वरच्या खातेदारांना हयातीचा दाखला, केवायसी घरी येऊन करून देण्याची सोय बँकांनी करायची आहे, शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. उपचारांसाठी मात्र कोर्टात जायची गरज नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाईक किंवा सांभाळणारी व्यक्ती नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून डॉक्टरांशी बोलू शकते, निर्णयात मदत करू शकते, ती तुम्ही आहातच.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर बाई म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. हायकोर्टात विधी सेवा उपसमिती आहे, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनवर १५१०० लावला तरी रस्ता सांगतात.

आणि आत्याला विचारत जा. कोर्ट, बँक या गडबडीत माणूस बाजूला पडतं. एफडी तिला समजणार नाही, पण रात्री कोणती बाई हवी, घरीच राहायचं की तुमच्याकडे, कोणाच्या हातचं जेवण नको, हे तिला अजूनही सांगता येत असेल, बहुतेक सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर, घर शांत असताना. तेव्हा विचारा आणि तिने सांगितलेलं त्या वहीत तारखेनिशी लिहा. जज्जसाहेबांनीही वाचावं असं ते असेल.

प्रश्न : माझ्या बाबांना नुकतंच निदान झालं आहे, सुरुवातीची स्टेज आहे, डॉक्टर म्हणतात अजून सगळं समजतं. आई आहे, आम्ही दोघं भाऊ. आत्ता काय करून ठेवावं? बाबांसमोर मृत्युपत्राचा विषय काढायला जीभ रेटत नाही.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : जीभ रेटा, कारण वरच्या भाचीकडे जे नाही ते तुमच्याकडे आहे, वेळ. आधी डॉक्टरांना बी-१२ आणि थायरॉइड तपासलं का विचारा, काही वेळा विसरभोळेपणात त्याचाही वाटा असतो आणि तो औषधाने कमी होतो. मग बाबांशी सरळ बोला, त्यांच्या पाठीमागे तुम्ही भावाभावांनी ठरवलेलं त्यांना जास्त लागेल.

मृत्युपत्र करायचंय का हे त्यांनीच ठरवायचं. करणार असतील तर त्याच दिवसाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या की त्यांना समजतंय, साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. लाभ होणाऱ्या भावाने त्या वेळी खोलीत बसू नये. भारतीय वारसा कायद्याच्या (इंडियन सक्सेशन अॅक्ट) कलम ५९ प्रमाणे मन शाबूत असतानाच्या वेळेत केलेलं मृत्युपत्र चालतं, पण नंतर सिद्ध तुम्हाला करावं लागतं. आईला बँकेच्या खात्यात जॉइंट करा, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं, नॉमिनी सगळीकडे तपासा, एफडीवर, पीएफवर, सोसायटीत. उपचारांबद्दल त्यांची इच्छा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अॅडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणून लिहून ठेवता येते, प्रतिनिधी कोण हेही त्यात बाबाच ठरवू शकतात. मुखत्यारपत्र हवं तर करा, पण ते बाबांना समजतंय तोवरच, त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : माझी आई डिमेन्शियाची पेशंट आहे. मी पुण्याला असताना धाकट्याने तिला रजिस्ट्री ऑफिसला नेऊन घराचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावाने करून घेतलं. आता काही होऊ शकतं का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : होऊ शकतं. बक्षीस द्यायला देणाऱ्याचं मन शाबूत लागतं. दुय्यम निबंधकाकडून बक्षीसपत्राची सर्टिफाइड कॉपी काढा, तिच्यावरची तारीख आणि डॉक्टरांच्या कागदांवरच्या तारखा एकत्र लावा, त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे पेपर सगळ्यात महत्त्वाचे. मग दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा, आईच्या वतीने. तिला स्वतःला दावा चालवता येणार नाही, तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ प्रमाणे तुम्ही तिचे वादमित्र म्हणून उभे राहू शकता. सोबत घर विकू नये म्हणून मनाईचा अर्ज लगेच द्या, कारण घर तिसऱ्याच्या हातात गेलं की फार अवघड होतं. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, तोपर्यंत वाट बघू नका. आणि या सगळ्यात आई आत्ता धाकट्याच्याच घरी असेल तर आधी तिला जाऊन भेटा, औषधं चालू आहेत का बघा, भेटू देत नसेल तर ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर कळवा.